कुणाच्या नजरेनं

कथेत मरणाचा प्रसंग लिहिताना मी सावध असतो, कारण वाचकही सावध असतो. खोटं रडू त्याला लगेच कळतं. दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा एकमेकांना दिसतात आणि त्यांच्या आत काहीतरी हलतं, तो प्रसंग आला की मात्र वाचक आधीच माझ्या बाजूला येऊन बसलेला असतो. ती दोघं जवळ यावीत असं त्याला माझ्याइतकंच वाटत असतं. मी अर्धं लिहिलं तरी उरलेलं अर्धं तो स्वतःच्या आठवणीतून भरून काढतो आणि श्रेय मला देतो. असं न कमावलेलं श्रेय घ्यावं का, हा प्रश्न बरेच दिवस टाळत आलो आहे. आज तो टाळायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो आहे.

काळजाचा ठोका चुकला, अंगावर शहारा आला, नजरानजर झाली आणि क्षणभर सगळं थांबलं. ही वाक्यं खोटी नाहीत. कुणीतरी, कधीतरी, ती अनुभवातूनच लिहिली असणार. माझी अडचण वेगळी आहे. ती माझ्या लेखणीतून उतरतात तेव्हा मी त्या दोन माणसांकडे पाहिलेलंच नसतं. त्या मुलीच्या जागी दुसरी मुलगी बसवली, त्या मुलाच्या जागी दुसरा मुलगा, तरी वाक्याला धक्का लागत नाही. ज्या वाक्याला माणूस बदललेला कळत नाही, ते वाक्य त्या माणसाबद्दल काय सांगणार?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि हे आठ, असा एकूण 49 भावांचा तो पट. पण भरत नटासाठी लिहीत होते. रंगमंचावर खरोखर घाम दिसतो, आवाज खरोखर फाटतो, आणि तो तसा फाटण्यासाठी नटाचं मन त्या भावाशी एकाग्र झालेलं असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याजवळ कागदावर घाम नसतो, घामाचं नाव तेवढं असतं. नाव लिहिणं फार स्वस्त आहे. शिवाय त्या आठांतला एकही भाव प्रेमाच्या मालकीचा नाही. घाम भीतीनंही सुटतो, कंप रागानंही सुटतो.

1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, दरीपासून सुमारे 70 मीटर उंच. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी भेटायची, प्रश्नावली भरून घ्यायची आणि एका चित्रावर छोटीशी गोष्ट लिहायला सांगायची. जवळच एक बुटका, भक्कम पूल होता, तिथेही असंच. झुलत्या पुलावरच्या पुरुषांच्या गोष्टींत कामभाव जास्त उतरला, आणि नंतर तिला फोन करणारेही त्यांच्यातलेच जास्त निघाले. त्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पण मला तो प्रयोग सोडत नाही, कारण त्या लोकांना गोष्ट लिहायला सांगितली होती. पायाखालचा पूल हलत होता आणि ते समजत होते, मन हलतंय. मी जेव्हा पात्राचं काळीज धडधडवतो तेव्हा मी नक्की काय सांगितलं? त्याला ती आवडली, की तो घाबरला, की त्याला कुणी आपल्याकडे पाहण्याचीच सवय नव्हती? धडधड लिहून मी या तिन्ही शक्यता एकाच पोत्यात बांधतो आणि वर प्रेम अशी चिठ्ठी लावतो.

मग ओढ लिहायची कशी? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर आपल्याच मातीतलं आहे आणि जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतलं आहे. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखला जाणारा, महाराष्ट्री प्राकृतातला गाथांचा संग्रह, गाथासप्तशती. स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये तो मराठीत सटीप आणला, तेव्हापासून तो आपल्या घरी आहे असं म्हणायला हरकत नाही. त्यात एक प्रवासी आहे आणि पाणपोईवर पाणी घालणारी एक मुलगी आहे. तो ओंजळ तोंडाशी धरून, डोळे वर करून पाणी पितो आहे. पिता पिता तो ओंजळीतली बोटं थोडी फाकवतो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल. ते पाहून ती वरून पडणारी धार बारीक करते. संपलं. एवढीच गाथा.

तिच्यात हृदय नाही, लाजणं नाही, तिचं रूप कसं होतं तेही नाही. दोन माणसांचे हात आहेत आणि मध्ये पाणी आहे. दोघंही एक साधं, चारचौघांत चालणारं काम करत आहेत, आणि ते काम जरा बिघडवत आहेत. कुणी विचारलं तर दोघंही नाकारू शकतील: बोटं फाकली असतील, घागर जड झाली असेल. तहानलेला माणूस पाणी सांडू देतो, यात त्याची ओढ किती आहे ते कळतं. आणि तिला ते कळलं हे धारेतून कळतं. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी ध्वनीचा विचार मांडला, तेव्हा त्यांनी अशाच प्राकृत गाथांमधून उदाहरणं उचलली. जे म्हटलेलं नाही ते ऐकू येणं म्हणजे काय, हे दाखवायला त्यांना त्याहून चांगलं काही सापडलं नसावं.

या गाथेचं मी आजवर खूप कौतुक केलं आहे, व्याख्यानांतून, मित्रांशी बोलताना. कौतुक बहुतेक कौशल्याचं केलं: किती थोडक्यात, किती सूचक. अलीकडे मला तिच्यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. दोन ओळींच्या त्या जागेत अर्धी जागा तिची आहे. तो जितकं करतो तितकंच ती करते. त्यानं बोटं फाकवली तेवढ्यावर गाथा थांबली असती, तर तो एका पुरुषाच्या चतुराईचा किस्सा झाला असता. धार बारीक झाली म्हणून ते दोघांचं झालं. हे माप माझ्या पानांना लावायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. माझ्या पहिल्या भेटीच्या प्रसंगात तिची जागा किती? ती दिसते किती आणि पाहते किती?

सध्या एक कथा लिहितो आहे. तालुक्याचं गाव, तहसील कचेरीसमोर एक झेरॉक्सचं दुकान. प्रवेशाचा हंगाम, सेतू केंद्रापुढे रांग. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं. सगळ्यांच्या दोन-दोन प्रती, काहींच्या पाठपोट. मशीनवर पंचविशीचा एक मुलगा. ती बी.एड.च्या प्रवेशासाठी आलेली, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळे मूळ कागद जपून आणलेले.

ही जागा मी का निवडली ते मला ठाऊक आहे. इथे त्याला काही न विचारता सगळं कळू शकतं. नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, गाव, जात, घरचं उत्पन्न, बारावीला इंग्रजीत किती पडले. ज्या गोष्टी कळायला इतरांना महिने लागतात त्या एका काचेवर ओळीनं येऊन पडतात. तिला मात्र त्याच्याबद्दल समोर दिसेल तेवढंच कळणार. पहिल्या भेटीत अशी विषमता असते हे आपण सहसा लिहीत नाही, म्हणून मला ती हवी होती.

आधी लिहिलं ते असं: कागद काचेवर ठेवता ठेवता तो तिचं नाव वाचतो, ते नाव त्याला आवडतं, जन्मतारीख वाचून तो मनाशी वय मोजतो, गाव वाचून आठवतो की त्या रस्त्यानं आपण जत्रेला गेलो होतो. मशीनचा हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून सरकत जातो. प्रसंग वाचायला गोड होता. एका जवळच्या मित्राला वाचून दाखवला तर तो खूश झाला. पण माझं मन खाऊ लागलं. ती माहिती तिनं त्याला दिलेली नव्हती. तिनं कागद मशीनसाठी दिले होते. तो ते वाचत होता, त्याच्या खांद्यावरून मी वाचत होतो, माझ्या खांद्यावरून वाचक वाचणार होता, आणि आम्ही सगळे मिळून त्याला हळुवार भावना म्हणणार होतो. तिला त्या सगळ्यात काय मिळालं? ती काउंटरपलीकडे सुट्टे पैसे शोधत उभी होती.

मग मी त्या मुलाकडे नीट पाहायला बसलो. दिवसभर लोकांचे दाखले हाताळणारा माणूस कसा वागत असेल? कागद काचेवर पालथाच ठेवावा लागतो. काही जण तो उचलताना सुलटा करतात, वाचतात, पुढे ठेवतात. काही जण पालथाच उचलून पालथाच गठ्ठ्यावर ठेवतात, जसे डॉक्टर रिपोर्ट पालथे ठेवतात. माझ्या कथेतला मुलगा दुसऱ्या प्रकारातला निघाला. त्यामागे काही घडलं असेल, नसेलही. मला कारण लागलं नाही. रांगेतला एक माणूस मान लांब करून गठ्ठ्यात डोकावतो, तेव्हा हा काही न बोलता तळहातानं तो गठ्ठा आतल्या बाजूला ओढून घेतो. हे ती पाहते. त्याला ठाऊक नसतं की ती पाहते आहे. इथे प्रसंग पहिल्यांदा तिच्या हातात गेला.

“मूळ प्रती मोजून घ्या,” तो म्हणतो. ती मोजते. पैसे देते. जायला हवं, पण ती विचारते, “पिन मारून मिळेल का?” सेतूवर कागद स्कॅन करायला सुटेच लागतात, हे रांगेत दोन तास उभ्या राहिलेल्या तिला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. तो स्टेपलर हातात घेतो, परत ठेवतो, ड्रॉवरमधून टाचणी काढतो. “टाचणी लावतो. काढायला सोपी जाते.” आणि ती लावायला जितका वेळ लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लावतो.

हे लिहून झालं तेव्हा पाणपोईवरच्या त्या दोघांचं ऋण कुठे फिटलं ते माझ्या लक्षात आलं. यात धडधड कुठेच नाही, आणि मला ती नसल्याची चुटपुट लागली नाही. तिला तो आवडला तो त्यानं न वाचल्यामुळे. ओढीचं कारण त्याच्या वागण्यात आहे, तिच्या रूपात नाही, आणि ते ओळखणारे डोळे तिचे आहेत.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि खरी कसोटी पुढेच आहे. झाकण लावलं की शेवटचा कागद काचेवर विसरतो, हे झेरॉक्सच्या दुकानात नेहमीचं. तिनं मोजताना पाठपोट काढलेला एक कागद दोनदा धरला आणि एक दाखला राहिला. संध्याकाळी मशीन पुसताना त्याला सापडतो: तिचा शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत. आता वाचल्याशिवाय कुणाचा ते कळणार नाही. वाचायलाच हवं.

आता तो काय करेल? मोटारसायकल काढून तिच्या गावी जाईल, हे उत्तर पटकन सुचतं. त्यात वारा आहे, वळणाचा रस्ता आहे, दिवेलागणीची वेळ आहे. वाचक मनातून त्याला पाठवणारच. माणूसही भला आहे, कागद महत्त्वाचा आहे, हेतू चांगला आहे. मी तो प्रसंग तिच्या बाजूनं एक पानभर लिहून पाहिला. अंगणात अनोळखी मोटारसायकल थांबते. भाऊ बाहेर येतो. हा कोण, तुझा कागद याच्याकडे कसा, याला घर कसं माहीत. शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबतात. आई काही बोलत नाही, पण प्रवेशाचं पुढे काय करायचं हा विषय त्या रात्री पुन्हा निघतो. त्याच्या बाजूनं जो प्रवास होता तो तिच्या बाजूनं झाडाझडती ठरला. तेवढ्या एका पानात प्रसंगातली सगळी गोडी गेली, आणि ती जाणंच बरोबर होतं.

तिच्या मागे जाणं, तिच्या वाटेवर उभं राहणं, तिचा पत्ता मिळवणं, नकार मिळाला तरी हटून बसणं, हे आमच्या कथांनी, नाटकांनी, सिनेमांनी किती वर्षं प्रेमाची खूण म्हणून दाखवलं. 1990 साली उल्हासनगरात एका मुलीला परीक्षेच्या वर्गात जाळून मारलं गेलं. त्यानंतरही महाराष्ट्रात अशा घटना थांबल्या नाहीत. कुठल्या कथेनं कुणाला मारेकरी केलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याजवळ आधार नाही. पण पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात यायला 2013 साल उजाडावं लागलं, तेव्हा भारतीय दंड संहितेत 354ड कलम आलं, आणि आता ते भारतीय न्याय संहितेच्या 78व्या कलमात आहे. इतका उशीर झाला त्याचं एक कारण असं की बहुतेकांना त्यात गुन्हा दिसतच नव्हता. तो दिसू नये अशी नजर घडवण्यात माझ्या व्यवसायाचा वाटा आहे, आणि हा व्यवसाय मी आनंदानं करतो. म्हणून माझ्या कथेतल्या मोटारसायकलचा जाब मला माझ्यापुरता द्यायलाच हवा.

कालिदासाचा दुष्यंतही पहिल्यांदा झाडाआडून पाहतो. शकुंतला सख्यांबरोबर झाडांना पाणी घालते आहे आणि राजा लपून तिचं रूप न्याहाळतो आहे. तो भाग वाचताना आज मी पूर्वीइतका निवांत राहू शकत नाही. पण कालिदासानं तिला तसंच सोडलेलं नाही. अंकाच्या शेवटी जाता जाता ती पायाला दर्भ टोचल्याचं, वल्कल फांदीला अडकल्याचं निमित्त करते आणि वळून पाहते. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाला हे सांगतो तेव्हा त्याला तिच्या रूपाइतकंच हे निमित्त आठवत असतं. लपून पाहण्यानं सुरू झालेला प्रसंग तिच्या वळून पाहण्यानं पुरा होतो. तिनं स्वतः काही केलं आहे. एवढं एक मी कालिदासाकडून घ्यावं.

तर माझा मुलगा गावी जात नाही. तो दाखला प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालतो आणि दुकानाच्या काचेवर आतून एक चिठ्ठी चिकटवतो: शाळा सोडल्याचा दाखला राहिला आहे, मूळ प्रत, ओळख पटवून न्यावी. नाव लिहीत नाही. यापुढचं पाऊल तिचं.

पण त्यानं तो दाखला वाचला आहे, आणि आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो. हे मी टाळू शकलो असतो. मराठीतल्या कितीतरी प्रेमकथांमध्ये नायक-नायिकांना आडनावच नसतं, किंवा असतं ते असं की प्रश्न उद्भवू नये. नागराज मंजुळेंनी 2013च्या ‘फँड्री’त जब्याची ओढ अशा ठिकाणी नेऊन उभी केली की पळवाटच उरली नाही. शालूच्या नजरेत यावं म्हणून जो मुलगा धडपडतो, त्याच मुलाला गावासमोर डुकरं पकडताना तिच्या नजरेपासून लपायचं आहे. पाहिलं जाण्याची इच्छा आणि पाहिलं जाण्याची लाज एकाच अंगात. 2016च्या ‘सैराट’मध्ये वर्गात आर्ची परश्याकडे रोखून पाहते, तेव्हा बावरतो तो. तिची ती निर्भय नजर मला फार आवडली. पण ती निर्भय का असू शकते, तर ती पाटलाची लेक आहे. आणि तीच नजर पुढे दोघांना कुठे नेते तेही तो चित्रपट लपवत नाही. या दोन चित्रपटांनंतर जातीचा रकाना झाकून पहिली भेट लिहिणं मला जमणार नाही.

मग तो रकाना वाचताना माझ्या मुलाच्या मनात काय होतं? त्यानं तो वाचून न वाचल्यासारखं करावं, असं मला फार वाटतं. तो इतका चांगला आहे. पण आमच्याकडे, तालुक्याच्या गावात, पंचवीस वर्षांच्या मुलाच्या मनात त्या क्षणी एक हिशेब होतोच: आपण कोण, ती कोण, घरी काय म्हणतील, तिच्या घरचे काय करतील. भल्या माणसाच्या मनातही होतो. माझ्या मनातही माणसाचं आडनाव ऐकल्यावर तो होतो, आणि मी शिकलेला, लिहिणारा, समतेवर बोलणारा माणूस आहे. तो हिशेब मी त्याच्या मनातून पुसला तर मी त्याला चांगला करत नाही, स्वतःला झाकतो. म्हणून तो हिशेब कथेत राहील. दोघांच्या जाती कोणत्या तेही लिहिलं जाईल. “वेगळी जात” असं मोघम लिहून कुणालाच न दुखवण्याची सोय मी घेणार नाही. चिठ्ठी चिकटवण्याआधी तो थोडा वेळ थांबतो, आणि त्या थांबण्यात फक्त सभ्यपणा नाही, हे वाचकाला कळलं पाहिजे.

तिच्या मनाबद्दल मात्र मी किती खात्रीनं बोलतो आहे? 1933 साली विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि गदारोळ झाला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली घुसमट आणि ओढ कुणीतरी त्यांच्याच बाजूनं लिहिली होती. ही विभावरी कोण, याचाच शोध लोक घेत राहिले. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड लिहावं लागलं त्या काळात ना. सी. फडके प्रणयकथा लिहीत होते, स्वतःच्या नावानं, आणि लोकप्रिय होत होते. “तिला तो आवडला” हे वाक्य लिहायला मला काहीच किंमत मोजावी लागत नाही. जिचं ते वाक्य आहे तिला ती मोजावी लागत होती, आजही अनेक ठिकाणी लागते. गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांना वाचून मला जे थोडं उमगलं ते असं की बाईच्या ओढीत अजमावणं फार असतं. हा माणूस नकार कसा घेईल, हे ती कधी कधी त्याचं नाव विचारण्याआधी अजमावते. टाचणीचा प्रसंग मला खरा वाटतो तो यामुळे. पण मला खरा वाटतो एवढ्यानं भागत नाही. एखादी वाचक म्हणाली की हे पुरुषानं लिहिलेलं बाईचं मन आहे, तर मला तिच्याशी वाद घालायचा नाही, तिचं ऐकायचं आहे.

चेखॉव्हची ‘चुंबन’ नावाची एक कथा आहे, 1887 सालची. रियाबोविच नावाचा बुजरा लष्करी अधिकारी एका घरी मेजवानीला गेलेला असतो. अंधाऱ्या खोलीत एक अनोळखी बाई त्याला दुसराच कुणी समजून चुंबन घेते आणि चूक कळताच मागे सरते. मिशीजवळ गालावर पेपरमिंटच्या थेंबांसारखा गारवा त्याला कितीतरी वेळ जाणवत राहतो. त्याचं सगळं जगणं त्या एका क्षणाभोवती फिरू लागतं. मग एकदा तो ही हकीकत सोबत्यांना सांगतो, आणि ती एका मिनिटात संपते. त्याला नवल वाटतं. पहाटेपर्यंत सांगत बसता येईल असं त्याला वाटलं होतं. पहिल्या ओढीबद्दल लिहिणाऱ्यानं ही कथा जवळ ठेवावी. आत केवढं तरी घडतं आणि बाहेर सांगायला एका मिनिटाचा ऐवज असतो. ही तफावत विशेषणांनी भरून काढायचा मोह मला दर वेळी होतो. चेखॉव्हनं ती तशीच उघडी ठेवली.

आणि सांगणाऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी सगळ्यांत शेवटी कबूल करावीशी वाटते. टाचणी मला सुचलेली नाही. माझ्या ओळखीच्या एका वयस्क बाईंनी ती मला सांगितली. दुकान नव्हतं, दुसरी जागा होती, काम वेगळं होतं. त्या काळी एका माणसानं त्यांच्या कागदांना पिनेऐवजी टाचणी लावून दिली होती, आणि लावायला जरा जास्त वेळ घेतला होता. त्याच्याशी त्यांचं लग्न झालं नाही. पुढे काहीच झालं नाही. गप्पांत, दुसराच विषय चालला असताना, त्या एवढं बोलल्या आणि पुन्हा मूळ विषयावर गेल्या. त्यांच्याकडेही सांगायला एका मिनिटाचाच ऐवज होता, आणि तो त्यांनी इतकी वर्षं सांभाळला होता.

मी तो घरी घेऊन आलो. गाव बदललं, वय बदललं, काळ बदलला. लेखक लोक असंच करतात आणि पात्रं काल्पनिक आहेत असं म्हणून मोकळे होतात. पण ज्या मुलाला मी लोकांचे कागद पालथे ठेवायला शिकवलं, त्याच्यापुढे मला हे शोभत नाही. त्यांनी ती गोष्ट मला दिली होती, छापण्यासाठी दिली नव्हती. तो माणूस हयात असेल तर कथा वाचून त्याला कळेल की तिलाही तेव्हा कळलं होतं. हे त्याला कळावं की नाही हे ठरवणं माझ्याकडे नाही. तेव्हा कथा कुठल्याही संपादकाकडे जाण्याआधी ती पानं त्यांच्याकडे जातील. त्या हो म्हणाल्या तर तो प्रसंग राहील. नको म्हणाल्या तर टाचणी जाईल, आणि त्या मुलाला त्या मुलीसाठी दुसरं काय करता येईल ते मला त्या काउंटरपाशी पुन्हा उभं राहून शोधावं लागेल.